खलफच्या पुढ्यातली परात

मी परात बोलतेय. तांब्याची, आतून कल्हई केलेली, दोन बाजूंना जाड कड्या असलेली. माझ्याभोवती आठ-दहा पुरुष खांद्याला खांदा लावून सहज उभे राहतात, एवढा माझा घेर. आधीच सांगून टाकते, मला माणसांची किळस येते. सगळ्यांची नाही. पण बाह्या सरसावून माझ्या काठाशी जी उभी राहतात, त्यांतल्या बहुतेकांची येते. तुम्हाला राग आला तर येऊ दे. इतकी वर्षं मी तुमचं उष्टं अंगावर घेतलंय, आता थोडं तुम्ही माझं ऐका.

माझा जन्म दमास्कसच्या तांबट आळीतला. एका म्हाताऱ्या तांबटाने मला दिवसचे दिवस ठोकून काढलं. तो स्वतः ठार बहिरा झाला होता, तरी प्रत्येक ठोक्याला मान डोलवायचा. तिथून ट्रकच्या टपावर बसून मी सरहद्द ओलांडली आणि करकच्या डोंगरातल्या एका गावात आले. फिद्दाच्या आईने मला घेतलं. ती माझ्यात कणीक मळायची, मसूर निवडायची. तिचा धाकटा खलफ बसायला लागला तेव्हा त्याला माझ्यात बसवून अंघोळही घालायची. गुबगुबीत पोर. पाण्यावर हात आपटायचं आणि खिदळायचं. एकदा तर त्याने माझ्यातच शू केली. मला मुळीच किळस वाटली नाही. किळस म्हणजे काय ते मला पुढे कळलं.

खलफ लहान असतानाच त्याचे आईबाप गेले. फिद्दाचं लग्न झालं तेव्हा आंदणात मी गेले आणि पाठोपाठ खलफही गेला. तिने त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. तिचा नवरा नायेफ. पुढे मुलगा झाला, फहद, म्हणून गाव नायेफला अबू फहद आणि तिला उम् फहद म्हणायला लागलं. फहद मोठा होऊन फौजेत गेला. घरात उरली तिघं, नायेफ, फिद्दा आणि नायेफची आई हज्जा तुरकिया. खलफ जाणता झाल्यावर दोन गल्ल्या सोडून बापाच्या घरी राहायला गेला, पण जेवायला बहिणीकडेच.

नायेफ वाईट माणूस नाही. हात उगारत नाही, कुणाचं ओरबाडत नाही. दिलदार म्हणून पंचक्रोशीत त्याचं नाव. पण हा दिलदारपणा दाखवायचा कशात, तर माझ्यात. कुणी हजहून आलं, कुणी नोकरीला लागलं, कुणी नुसतंच वाट चुकून आलं, की मेंढा कापायचा. माझ्या तळाशी पातळ पोळ्यांचा थर, त्यावर भाताचा डोंगर, डोंगरावर मटण, वरून वाळवलेल्या दह्याचा आंबट, कढत रस्सा, त्यावर तुपात तळलेले बदाम, आणि अगदी टोकाला मेंढ्याचं मुंडकं. यालाच आमच्याकडे मनसफ म्हणतात. याच्याशिवाय ना लग्न लागत, ना भांडण मिटत.

मग पुरुष उभे राहतात. डावा हात पाठीशी, उजवा माझ्यात. गोळे वळतात, तोंडात फेकतात. रश्श्याचे ओघळ कोपरापर्यंत जातात. मिशीतला थेंब परत माझ्यातच पडतो. एकजण ढेकर देतो, दुसरा त्याला 'सेहत!' म्हणतो. ते झाले की तरुण पोरं. त्यांचं झालं की मग उरलंसुरलं आत, बायकांकडे आणि लेकरांकडे. दहा जणांच्या बोटांनी चिवडलेला भात, चोखलेली हाडं, आणि गार होऊन मेणासारखी माझ्या अंगाला चिकटलेली चरबी. ज्या बाईने पहाटेपासून चुलीशी उभं राहून रांधलं, तिच्या वाट्याला ते. आणि बैठकीत पुरुष दात कोरत म्हणणार, 'वा, काय हात आहे उम् फहदचा!'

आणि नायेफची ती शपथ! पुष्कळांच्या तोंडी असते, याच्या तोंडी जरा जास्तच. 'चहा न घेता गेलास तर माझ्यावर तलाक!' म्हणजे पाहुणा चहा न पिता उठला तर याची बायको याला सुटली. पाहुणा बिचारा काय करणार? दुसऱ्याचं घर मोडायला नको म्हणून बसतो आणि पितो. चहावरून शपथ, कॉफीवरून शपथ, मुक्कामावरून शपथ. शपथ नायेफची, टांगणीला लागायची फिद्दा. आत चहा गाळता गाळता ती कान देऊन उभी राहायची. पाहुण्याने भुरका मारला की मग साखरेचा डबा बंद करायची. मी चुलीमागच्या भिंतीला टेकून हे बघत आले. तुम्हाला किळस येणार नाही? मला यायची.

आता खलफचं सांगते. तो शाळेच्या पोरांची छोटी बस चालवायचा. स्वभाव मऊ, आवाज मऊ, आणि अंग एवढं वाढलेलं की स्टिअरिंगचं चाक पोटात रुतायचं. खाली बसला की उठताना दोघांनी हात द्यायला लागायचे. झोपेत श्वास अडकून दचकून जागा व्हायचा. साखरेचा आजार तिशीतच मागे लागला. आणि लोकांची रीत कशी? आधी त्याच्यापुढे ढीग लावायचा, 'खा रे खलफ, तुझ्या जिवावर तर परात रिकामी होते', आणि त्याने खाल्लं की त्याच्याच पोटावरून खी खी करायचं. 'खलफ, बसायला दोन गाद्या आणू की तीन?' तोही हसायचा. स्वयंपाकघरात आल्यावर मात्र हसू उतरायचं. फिद्दा त्याच्या हातावर मटणाचा चांगला तुकडा ठेवायची, लहानपणापासून ठेवत आली तशी. पोराची समजूत घालायची तिला तेवढी एकच रीत ठाऊक होती.

वजन उतरवायला त्याने काय काय केलं! बाजारातल्या झाडपाल्याच्या दुकानदाराने एक चहा दिला. तो प्यायला आणि आठवडाभर परसाकडून घरात येईना. पोट घसरलं, डोळे खोल गेले, आणि हज्जा तुरकिया गावभर सांगत सुटली की चहाला गुण आहे. मग कुणी सांगितलं म्हणून पोटाला काळं प्लास्टिक गुंडाळून उन्हात बसला. मग तीन दिवस नुसतं लिंबूपाणी आणि चौथ्या दिवशी माझ्यापुढे उभा राहून अर्धा मेंढा. नंतर कुण्या आतेभावाने बिननावाच्या गोळ्या दिल्या. त्या घेऊन छाती धडधडायला लागली आणि एका दुपारी चालत्या बसमध्ये त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. पोरं उतरून गेली होती म्हणून नशीब. बस ऑलिव्हच्या झाडावर जाऊन थांबली. झाडपालेवाला दुसऱ्या दिवशी भेटायला आला आणि म्हणाला, 'चहा सोडलास ना, त्याचा परिणाम.' अशा माणसाला काय म्हणायचं, मला शब्द सापडत नाही.

त्यानंतर फिद्दा त्याला हाताला धरून तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथे डॉक्टर रिहाब म्हणून एक बाई होत्या. परत आल्यावर दोघं चुलीशी बसली आणि हज्जा तुरकियाने पहिला प्रश्न टाकला.

"औषध काय दिलं?"

"आज काहीच नाही, आत्या," फिद्दा म्हणाली. "रक्त घेतलं, छातीच्या ठोक्यांचा कागद काढला, झोप कशी लागते ते विचारलं. आणि त्या गोळ्या कचऱ्यात टाकायला लावल्या."

"एवढ्यासाठी एवढ्या लांब?"

"एवढ्यासाठीच."

मग दर महिन्याला दोघं जायची. फिद्दा माझ्यातले मसूर निवडत त्याच्याकडून सगळं परत वदवून घ्यायची. उपाशी राहायचं नाही. वेळेवर, थोडं, चावून. आधी डाळ, अंडं, दही, मग बाकीचं. साखरेची गोळी आपल्या मनाने सोडायची नाही, जेवण कमी झालं की डॉक्टरीणच कमी करेल. चालायचं, पण गुडघ्याला सोसेल तेवढंच.

"महिन्यात किती उतरलं मग?" हज्जा विचारायची.

"तीन किलो."

"तीन! त्या चहाने आठवड्यात सात उतरले होते."

"ते पाणी उतरलं होतं, हज्जा," खलफ म्हणाला. "आणि परत नऊ चढले. डॉक्टर म्हणते, भरभर उतरवलं तर पित्ताशयात खडे होतात, अंगातलं बळ जातं. हळूहळूच उतरायला हवं."

"हळूहळू उतरेपर्यंत मी वर जाईन. तुझं लग्न कधी बघू?"

तिघंही हसली. त्या घरात खलफवरून सगळे हसायचे, पण खलफबरोबर हसलेले मी प्रथमच पाहिले.

पुढे त्याचा श्वास आणि साखर पाहून डॉक्टर रिहाबने त्याला अम्मानच्या शल्यचिकित्सकांकडे पाठवलं. त्यांनी पण लगेच सुरी घेतली नाही. आधी अजून वजन उतरव, मग बघू, म्हणाले. खलफने उतरवलं. ऑपरेशन झालं. पोटाचा मोठा भाग काढून केळ्याएवढी पिशवी ठेवली आणि तिला उभे टाके घातले. हज्जाने विचारलं, "कापलेलं काय केलं?"

डॉक्टरणीने फिद्दाला समोर बसवून बजावलं होतं. पहिले दोन आठवडे नुसतं पातळ, तेही घोट घोट. नंतरचे दोन आठवडे बाळाला भरवतो तसं घोटलेलं, चार-पाच चमचे. मटण नाही, भात नाही, पोळी नाही. आतले टाके कच्चे आहेत, घट्ट अन्न गेलं आणि ते फाटले तर पोटातलं बाहेर झिरपेल आणि जीव जाऊ शकेल. फिद्दा हे येता-जाता म्हणायची. मलासुद्धा पाठ झालं.

तिसऱ्या आठवड्यात नायेफ आत येऊन म्हणाला, "शुक्रवारी मेंढा कापतोय. खलफ सुखरूप परत आला, गावाला बोलवायला हवं."

फिद्दाच्या हातातली पळी तशीच राहिली. "ज्याचं पोट कापलंय त्याच्या मानासाठी मेंढा? तो चमच्याने बाळासारखं घोटलेलं खातोय, अबू फहद!"

"त्याला कोण खा म्हणतंय? तो नुसता बसेल. मान त्याचा, जेवण लोकांचं. माझा मेहुणा मरणाच्या दारातून आला आणि मी हात आखडला, असं लोकांनी म्हणावं का?"

"नुसता बसेल ना? शब्द दे."

"दिला."

तिने तो शब्द धरला आणि पहाटे उठून चूल पेटवली. माझ्यात पोळ्या अंथरताना मात्र गाणं नव्हतं. एरवी ती गुणगुणत असते.

दुपारच्या नमाजानंतर बैठक भरली. खलफ मानाच्या जागी, पाठीशी उशी घेऊन बसलेला. मी अजून आत होते, पण पडद्यापलीकडचं सगळं ऐकू येत होतं. शेजारचा अवाद, पोट सुटलेला आणि मिशी रंगवलेला, त्याने खलफला धरलं.

"किती उतरलं रे एकूण?"

"तीसेक किलो, सगळे महिने मिळून."

"मग पुरे की आता! कातडी लोंबेल का?"

"थोडी लोंबेल. केसही गळतील म्हणाले, पण परत येतात. जीवनसत्त्वाच्या गोळ्या मात्र जन्मभर."

"जन्मभर! आणि मला सांग, ते टोचून घ्यायचं इंजेक्शन असतं ना, भूक मारणारं? माझा भाऊ बाहेरून पाठवतो म्हणतोय. घेऊ?"

"डॉक्टरला विचारल्याशिवाय नको घेऊस. आधी तपासतात. ते सगळ्यांना चालत नाही."

"डॉक्टर काय, घाबरवायलाच बसलेले," अवाद म्हणाला. सगळ्यांनी माना हलवल्या. वजन कसं उतरवायचं हे विचारून झालं आणि लगेच कुणीतरी ओरडलं, "अबू फहद, परात येऊ दे!"

मला दोघांनी उचलून मधोमध ठेवलं. वाफा निघत होत्या. पुरुष उठले, बाह्या वर गेल्या, डावे हात पाठीशी गेले आणि सगळे थांबले. ज्याच्या मानासाठी परात, त्याने हात घातल्याशिवाय बाकीचे घालत नाहीत. नायेफला हे ठाऊक नव्हतं असं कुणी मला सांगू नये.

"तुम्ही घ्या," खलफ म्हणाला. "मी बसतो नुसता."

कुणी हललं नाही.

"एकच घास घे," नायेफ हसत म्हणाला. "तोंडाला लावल्यासारखं कर."

"नायेफभाऊ, टाके कच्चे आहेत."

"अरे एका घासाने काय होतंय?" अवादची नजर माझ्यावर खिळली होती, खलफवर नव्हती. "मटण लोण्यासारखं शिजलंय. न चावता जाईल."

रश्श्यावर साय धरायला लागली. एकाने घसा खाकरला, दुसऱ्याने नायेफकडे तिरकं बघितलं. नायेफचं हसू गेलं. त्याने माझ्यात हात घातला, मेंढ्याच्या शेपटीच्या चरबीचा पांढराफटक, थलथलता गोळा मटणासकट तोडला आणि खलफच्या पुढ्यात ढकलला. रस्सा माझ्या काठावरून खाली सांडला.

"खलफ, या परातीतलं खाल्ल्याशिवाय तू उठलास तर माझ्यावर तलाक!"

मला तेव्हा उलटी करता आली असती तर बरं झालं असतं. ज्या बाईने त्याच्या शब्दावर विसंबून हे रांधलं, तिलाच त्याने माझ्यात टाकलं, भातावर मुंडक्याशेजारी. आणि ते दहा पुरुष? एकाच्याही तोंडून 'अरे, काय करतोस' आलं नाही. मशिदीचे शेख अय्यूब तिथेच होते. ते 'हं, हं, अबू फहद' एवढंच म्हणाले आणि दाढीवरून हात फिरवत राहिले. बाकीचे खलफच्या उजव्या हाताकडे बघत होते. सगळ्यांना भूक लागली होती.

खलफने पडद्याकडे पाहिलं. पडद्यामागे त्याची बहीण आहे हे त्याला माहीत होतं. खावं तर टाके फाटतील, न खावं तर तिचं घर मोडेल. जन्मभर ज्याने नको म्हटलं नाही, त्याने आज म्हटलं होतं आणि त्याचं हे फळ. त्याने बाही दुमडली. हात माझ्यात आला. त्याने भाताचा लहानसा गोळा वळला.

"खलफ, हात काढ."

फिद्दा पडदा सारून बैठकीत आली होती. परके पुरुष बसलेले असताना बाई आत येते, हे त्या खोलीने कधी पाहिलं नव्हतं.

"आत जा," नायेफ म्हणाला.

"जाते. हिला घेऊन जाते." तिने माझी कडी धरली.

"फिद्दा, मी शपथ घेतलीय! त्याने खाल्लं नाही तर तू मला सुटलीस. कळतंय का तुला?"

"कळतंय. सुटले. त्याचे टाके उसवण्यापेक्षा मी सुटलेली बरी." तिने कडी सोडली नाही. "इतकी वर्षं कुणी चहा पिईना की मी आत मरत होते. आज माझ्या भावाच्या पोटात मला घालतोस? घाल शपथ. ही घे, मोडली."

तिने मला ओढलं. मी भरलेली होते, तिच्याने हलेना. एकाही पुरुषाने हात लावला नाही, ना अडवायला ना उचलायला. तेवढ्यात पडद्यातून काठी टेकत हज्जा तुरकिया आली. मला वाटलं, आता ही सुनेच्या झिंज्या धरणार.

"सरक," ती अवादला म्हणाली. काठी टाकली आणि माझी दुसरी कडी धरली.

"आई! तू पण?"

"तुझ्या बापाने कॉफीवरून माझा तलाक इतक्यांदा तोंडातून काढला की मी मोजायचं सोडलं. दर खेपेला आत बसून थरथरायचे, पाहुणा पितोय का नाही पितोय. मला उठायचं सुचलं नाही. हिला सुचलं. उचल गं पोरी."

दोघींनी मला उचललं. वाकडीतिकडी झाले, अर्धा रस्सा नायेफच्या गालिच्यावर गेला, मुंडकं घरंगळत जाऊन अवादच्या पायाशी पडलं. खलफ उठायला लागला तर फिद्दा वळून ओरडली, "तू वजन उचलायचं नाहीस, डॉक्टरणीने सांगितलंय!"

अंगणात मला टेकवलं. शेजारच्या बायका, लेकरं, सगळी थिजून उभी होती. हज्जा म्हणाली, "बघताय काय? गार होईल." आणि त्या दिवशी प्रथमच माझ्यातलं गरम मटण बायकालेकरांनी आधी खाल्लं. एक पोरगी बदाम वेचून वेचून खात होती. आत बैठकीत पुरुष उपाशी बसले होते आणि कुणालाच उठून जायचं धाडस होत नव्हतं. मी त्या पोरीकडे बघत राहिले. तेवढा वेळ मला किळस आली नाही.

फिद्दाने मला घासलं, आंदणातली म्हणून खांद्यावर घेतलं आणि भावाबरोबर बापाच्या घरी आली. पहिल्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी रडली. तिसऱ्या दिवशी खलफचं भोपळ्याचं सार घोटता घोटता म्हणाली, "आता माझं काय होणार रे?" खलफने चमचा खाली ठेवला आणि तिने रागावून परत त्याच्या हातात दिला.

मग गावची वडील मंडळी समेटाला आली. आमच्याकडे अशी मंडळी आली की पुढ्यात ठेवलेली कॉफी पीत नाहीत. आधी मागणं मान्य करा, मग पिऊ. छोटे पेले तसेच मांडलेले. नायेफ सगळ्यात मागे, मान खाली घालून. शेख अय्यूबांनी सुरुवात केली.

"पोरी, नायेफचा हेतू तलाकाचा नव्हता, आग्रहाचा होता. अशी शपथ मोडली तर दहा गरिबांना जेवू घालायचं, बस. ते त्याने घातलं. तलाक पडलेला नाही. घरी चल."

फिद्दा दाराशी उभी होती. "शेख, हे तुम्हाला त्या दिवशी ठाऊक होतं?"

"म्हणजे..."

"मी त्याला सुटत नाही, हे खलफने हात घातला तेव्हा ठाऊक होतं?"

शेखांनी दाढीला हात लावला. "होतं."

"मग बोलला का नाहीत?"

शेख गालिच्याकडे बघत राहिले. त्या दिवशीचं सगळं मी विसरेन, नायेफची शपथ, अवादची अधाशी नजर, तो चरबीचा गोळा. पण हे 'होतं' नाही विसरणार. एक वाक्य बोलायचं होतं. परात गार होईल म्हणून नाही बोलले, की यजमानाचा अपमान होईल म्हणून, ते त्यांचं त्यांना माहीत.

"माझा भाऊ मेला असता," फिद्दा म्हणाली, "आणि तुम्हीच त्याच्या जनाज्याच्या नमाजाला पुढे उभे राहिला असता."

नायेफ मागून पुढे आला. "काय करू ते सांग," तो म्हणाला. एवढंच म्हणाला.

"दर महिन्याला खलफची तपासणी असते. त्याला तू घेऊन जायचं. डॉक्टरणीपुढे तू बसायचं. ती सांगेल ते ऐकायचं आणि येऊन मला सांगायचं. सहा महिने. मग मी बघेन."

"सहा महिने?" एक म्हातारा कुरकुरला. "तोवर घरात चूल कोण पेटवणार?"

"मंजूर," नायेफ म्हणाला.

मंडळींनी पेले उचलले. कॉफी केव्हाच गार झाली होती. ती तशीच प्यायली, आणि तोंडं वाकडी केली.

आता मी खलफच्या घरी आहे. माझी कल्हई उडालीय, तांबं दिसायला लागलंय. तशा परातीत आंबट रांधलं तर विषारी होतं, म्हणून माझ्यात कुणी काही रांधत नाही. फिद्दा माझ्यावर पुदिना वाळवते. खलफ आता मऊ भात खातो, चमच्या चमच्याने, घड्याळ समोर ठेवून. चालत बसपर्यंत जातो. वजन उतरतंय, हळूहळू, मधेच महिनाभर अडतं आणि परत उतरतं. मला पुन्हा कल्हई करा असं मी म्हणणार नाही. पण माझ्या जातीच्या दुसऱ्या पराती तुमच्या घरात असतील, त्यांच्यासाठी हात जोडते. माणसाला जेवायला बोलवाल तर आधी विचारा, तुला काय चालतं? आणि शपथ घ्यायची फारच खाज असेल तर स्वतःच्या जिवाची घ्या. घरातल्या बाईला मटणाबरोबर वाढू नका.

काल चौथी तपासणी झाली. नायेफ खलफला घेऊन परत आला आणि उंबऱ्याशी उभा राहिला. फिद्दा पुदिना चाळत होती.

"काय म्हणाली डॉक्टर?"

"साखर उतरली. एक गोळी कमी केली. मटण सुरू करायचं, पण खिमा, आणि दोनच चमचे."

"अजून?"

"मला पण वजनाच्या काट्यावर उभं केलं बाईने. माझा रक्तदाब मोजला. म्हणाली, तुम्हीही दर महिन्याला या, मिठावर हात आवरा."

"मग तू काय म्हणालास?"

"मी म्हणालो, माझ्यावर त—" नायेफ थांबला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ओठ मिटले, उघडले, परत मिटले. मग खाली बघत तो म्हणाला, "बरं म्हणालो."

फिद्दाने चाळणी खाली ठेवली आणि त्याला आत ये म्हणाली.